व्हेटेल परत आला तर अलोन्सोला मागे टाकेल का?

दर शनिवारी संध्याकाळी मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतो. मुलं-मुली विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी गाडी बांधतात, मी चुका काढतो आणि त्यांचा चहा पितो. गेल्या शनिवारी ब्रेकचं काम बघणाऱ्या मुलीनं पॅड बदलता बदलता विचारलं, "सर, व्हेटेल अलोन्सोपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. चार वेळा चॅम्पियन आहे. तो उद्या ॲस्टन मार्टिनमध्ये परत आला, तर अलोन्सो आणि स्ट्रोल दोघांनाही मागे टाकेल की नाही?" व्हेटेल म्हणजे २०२२ मध्ये फॉर्म्युला वनमधून निवृत्त झालेला ड्रायव्हर; अलोन्सो आणि स्ट्रोल हे तिथल्याच ॲस्टन मार्टिन टीमचे ड्रायव्हर. त्यावरून अशी काही जुंपली की पॅड तसेच राहिले. "नीट लिहून देतो," असं म्हणून मी कसाबसा सुटलो.

घाई असेल त्यांच्यासाठी आधी उत्तर. स्ट्रोलला तो मागे टाकेल, पण पहिल्या शर्यतीपासून नाही. अलोन्सोला एखाद्या शनिवारी क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रविवारच्या शर्यतीत कुणी कितव्या जागेवरून सुटायचं ते ठरवणाऱ्या फेरीत, गाठेल, पण मोसमाअखेर गुण मोजले तर अलोन्सो पुढे असेल. वयाचा त्यात फारसा संबंध नाही.

माझं काम गाडीची हाताळणी तपासण्याचं. पंचवीस वर्षं पिंपरी-चाकण पट्ट्यात हेच केलं: नवी गाडी वळणात कशी वागते, टायर बदलला की काय बिघडतं, चालवणाऱ्याला स्टिअरिंगमधून काय कळतं. शिवाय रजा जमवून कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर ड्रायव्हरांचा डेटा वाचत आलोय. फॉर्म्युला वन मी पाहिली ती प्रेक्षकांत बसून, २०१३ मध्ये ग्रेटर नोएडाला. त्या दिवशी व्हेटेलनं चौथं विजेतेपद नक्की केलं, गाडी गरागरा फिरवून धुराचा लोट उठवला आणि उतरून गाडीला नमस्कार घातला. माझ्या शेजारी पुण्याचेच एक काका होते. ते म्हणाले, "क्लच गेला." मी मात्र उभा राहून टाळ्या वाजवत होतो, त्यामुळे व्हेटेलबद्दल माझ्या मनात अढी आहे असं कुणी समजू नये.

त्याची शेवटची शर्यत २० नोव्हेंबर २०२२ ला अबू धाबीत झाली. त्याच्या दीड महिना आधी, २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर, आपल्या पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकं लावून पाडला होता. समजा, कोथरूडमध्ये वाढलेला तुमचा एखादा मित्र त्या नोव्हेंबरात परदेशी गेला आणि आज परत आला. त्याला स्कूटर चालवायला कुणी शिकवावी लागणार नाही. तोल, ब्रेक, रिक्षा कुठून घुसेल याचा अंदाज, सगळं अंगात आहे. पण बावधनकडे जायला कोणता रॅम्प धरायचा ते त्याला माहीत नाही. तो पाट्या वाचत, जरा सांभाळून जाईल. तेवढ्यात रोजचा एखादा माणूस हॉर्न मारून पुढे निघून जाईल. तो काही जास्त चांगला चालवत नसतो, त्याला फक्त पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

रेसिंगमध्ये पाट्या वाचणं फार महागात पडतं. कसं, ते मी करीवर डोळ्यांनी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी तिथे एक माजी विजेता पाच वर्षांनी पुन्हा एलजीबी फॉर्म्युला ४ या देशी शर्यतमालिकेच्या गाडीत बसला. नाव नको, भला माणूस आहे. आमचा नेहमीचा ड्रायव्हर तेवीस वर्षांचा, चांगला होता, पण असामान्य वगैरे मुळीच नव्हता. माजी विजेत्यानं सहाव्याच लॅपला त्याच्या वेळेच्या तीन दशांश सेकंदांच्या आत गाडी आणली. सगळे खूश. मी दोघांच्या ब्रेकच्या रेषा लॅपटॉपवर एकावर एक टाकल्या. ब्रेक कुठे दाबायचा यात फरक नव्हता. उलट आमचे जुने साहेब दोन मीटर उशिराच दाबत होते. फरक होता तो ब्रेक सोडण्यात. वळणात शिरताना पाय हळूहळू उचलायचा असतो, कारण ब्रेकमुळे गाडीचं वजन पुढच्या चाकांवर टेकलेलं असतं. पाय एकदम काढला तर नाक हलकं होतं आणि गाडी बाहेर ओढते. फार वेळ धरला तर मागची चाकं सुटतात. रोज चालवणाऱ्या पोराची रेषा घसरगुंडीसारखी सलग उतरत होती. साहेबांची रेषा जिन्यासारखी, पायरी-पायरीनं. प्रत्येक पायरी म्हणजे पायानं गाडीला विचारलेला प्रश्न: आता सोडू? अजून थोडं धरू?

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला लॅपटॉपवर दिसली नाही, बोलताना कळली. तिसऱ्या वळणात काय झालं असं पोराला विचारलं की तो सांगायचा: शिरताना मागचं टोक जरा हललं, मध्ये ठीक, बाहेर पडताना आतलं चाक फिरलं, आणि आठव्या लॅपपासून पुढचा डावा टायर बोलायला लागला. साहेबांना विचारलं तर, "ठीक होतं." ते काही लपवत नव्हते. सगळं डोकं गाडी चालवण्यातच खर्च होत होतं, लक्षात ठेवायला काही शिल्लकच नव्हतं. शर्यतीत शेवटच्या चार लॅपना त्यांचे टायर बसले आणि ते सहावे आले. पोरगा दुसरा आला.

निवृत्तीनंतर आधी हरवतं ते हे, शिल्लक डोकं. लोक समजतात की हात मंद होतात. प्रतिक्रियेचा वेग वयाबरोबर घटतो, पण फार सावकाश. शिवाय कसलेला ड्रायव्हर प्रतिक्रियेवर गाडी चालवतच नाही. गाडी सुटणार हे त्याला सुटण्याआधीच कळलेलं असतं. मानेचा प्रश्न खरा आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो, वळणात त्याच्या चार-पाच पट वजन बाजूला ओढतं, आणि हे दीड तास. पण मान व्यायामानं दोन-तीन महिन्यांत परत येते. शिल्लक डोकं व्यायामशाळेत येत नाही, ते फक्त गाडीतच येतं, लॅपवर लॅप घालून.

आता दोन माणसांची गोष्ट. दोघंही टेस्ट ड्रायव्हर, दोघंही शर्यतींतून बाहेर पडलेले, दोघांनाही अचानक बोलावलेलं.

पहिला लुका बाडोएर. जुलै २००९ मध्ये हंगेरीत क्वालिफायिंगच्या वेळी दुसऱ्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली आणि फेरारीची एक जागा रिकामी झाली. शूमाकर यायला तयार होता, पण त्याच वर्षी मोटारसायकलवरून पडून मानेला झालेली दुखापत आडवी आली. मग फेरारीनं आपला कितीतरी वर्षांचा टेस्ट ड्रायव्हर बसवला. फेरारीच्या गाड्यांत बाडोएरइतके किलोमीटर घातलेली माणसं जगात मोजकीच असतील. पण शर्यत तो शेवटची १९९९ मध्ये खेळला होता. शिवाय २००९ पासून मोसम चालू असताना चाचण्या घ्यायला बंदी आली होती, म्हणजे टेस्ट ड्रायव्हरकडची टेस्टही गेली होती. व्हॅलेन्सियाला क्वालिफायिंगमध्ये तो सर्वांत शेवटी, विसाव्या जागेवर. एकोणिसाव्यापेक्षाही जवळजवळ दीड सेकंद मागे. सरावात पिट लेनची, म्हणजे टायर बदलायला गाडी आत घेतात त्या रस्त्याची, वेगमर्यादा त्यानं चार वेळा ओलांडली. पिट लेनमधल्या वेगाचा आणि हिमतीचा काही संबंध नसतो, तो निव्वळ सवयीचा भाग. पुढच्या शर्यतीत, बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर, तो पुन्हा शेवटी, आणि त्याच गाडीत किमी रायकोनेन पहिला.

गोष्ट इथे संपत नाही. स्पाला रायकोनेनच्या मागोमाग दुसरा आला होता फोर्स इंडिया टीमचा फिसिकेला. फेरारीनं लगेच बाडोएरच्या जागी त्यालाच उचललं. तो निवृत्त नव्हता, दर पंधरवड्याला शर्यत खेळत होता, ऐन बहरात होता. उरलेल्या पाच शर्यतींत फेरारीत त्याला एकही गुण मिळाला नाही. या गाडीचं हाताला बसलेलं त्या गाडीत चालत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

दुसरा माणूस डॅनी पेड्रोसा. हा दुचाकीचा. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाजमुळे केटीएमबद्दल जरा घरचं प्रेम आहे, म्हणूनही आठवतो. २०१८ च्या अखेरीस निवृत्त झाला, केटीएमचा टेस्ट रायडर झाला, आणि २०२३ मध्ये मिसानोला पाहुणा म्हणून उतरला. वय ३७. शनिवारच्या छोट्या शर्यतीत चौथा, रविवारच्या मोठ्या शर्यतीत चौथा. पुढचे तिघंही डुकाटीवर, म्हणजे केटीएमच्या पगारी रायडरांत त्याच्या पुढे कुणीच नाही. कारण सरळ आहे. ती मोटारसायकल घडवताना पाच वर्षं तोच तिच्यावर बसत होता. कागदावर निवृत्त, पण सराव सुटला नव्हता.

म्हणून कुणी "निवृत्त" म्हटलं की मी विचारतो: शेवटचा बसला कधी, आणि कशात? जेन्सन बटन २०१६ नंतर थांबला, सहा महिन्यांनी मोनॅकोत अलोन्सोच्या जागी एका शर्यतीपुरता आला, नवी गाडी आधी फक्त सिम्युलेटरवर पाहिलेली, तरी क्वालिफायिंगला नववा. सहा महिन्यांत काही पुसलं जात नाही. रायकोनेन दोन वर्षं रॅली खेळून २०१२ ला परतला आणि अबू धाबी जिंकून वर्षाअखेरीस तिसरा आला. पण त्यालाही स्टिअरिंग मनासारखं मिळेना, मोनॅकोत तर त्यापायी सरावाचं पहिलं सत्र जवळजवळ पूर्ण सोडून बसला. अलोन्सो स्वतः २०१८ नंतर दोन वर्षं बाहेर होता, पण हात रिकामे नव्हते. ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, डाकार रॅली केली. तरी २०२१ च्या पहिल्या काही शर्यतींत टीममेट ओकोन त्याला भारी पडत होता. उन्हाळ्यापर्यंत चित्र पालटलं आणि शेवटी अलोन्सोचे ८१ गुण, ओकोनचे ७४. अलोन्सोसारख्याला, सतत कुठे ना कुठे शर्यती खेळत असताना, पाच-सहा शर्यती लागल्या. व्हेटेलनं मध्यंतरी, मार्च २०२४ मध्ये, पोर्शेची ल माँसाठीची गाडी चालवून पाहिली, आणि स्वतःच्या संग्रहातली जुनी विल्यम्सही तो काढतो. ते सगळं देखणं आहे, पण सराव म्हणून त्याचा हिशेब फार नाही.

वर्कशॉपमधल्या एका पोरानं लाउडाचं नाव काढलं होतं. निकी लाउडा १९७९ ला सोडून गेला, विमान कंपनी चालवली, १९८२ ला परतला आणि तिसरीच शर्यत जिंकला. १९८४ ला टीममेट प्रोस्टला अर्ध्या गुणानं हरवून चॅम्पियन. सगळं खरं. पण त्या वर्षी प्रोस्टनं सात शर्यती जिंकल्या, लाउडानं पाच. आणि शनिवारी बहुतेक वेळा प्रोस्टच पुढे असायचा. लाउडाला लवकर कळलं की या पोरापेक्षा आपण वेगवान होणार नाही, मग त्यानं रविवारच्या गाडीवर मेहनत घेतली, टायर आणि इंधन राखलं, दुसरा-तिसरा येत गुण साठवले. हुशारीनं जिंकला. शिवाय तेव्हा हव्या तितक्या चाचण्या करता यायच्या. आज ती सोय नाही.

शूमाकरचं परतणं या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातं, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. २००६ ला थांबला, २०१० ला मर्सिडीजमध्ये आला, वय ४१. टीममेट निको रोसबर्गनं पहिल्या वर्षी १४२ गुण केले, शूमाकरनं ७२. दुसऱ्या वर्षी ८९ विरुद्ध ७६. तिसऱ्या वर्षी ९३ विरुद्ध ४९, पण त्या वर्षी शूमाकरची गाडी फार वेळा बंद पडली, हेही लक्षात घ्या. लोक हे आकडे बघून "म्हातारा झाला" म्हणतात. मग मोनॅको २०१२ चं काय करायचं? तिथे क्वालिफायिंगला तो सगळ्यांत वेगवान होता, ४३ व्या वर्षी, मोनॅकोत. आधीच्या शर्यतीतल्या धडकेची पाच जागांची शिक्षा नसती तर पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, त्याची. तेव्हा वेग होताच. बदललं होतं ते त्याच्या गैरहजेरीतलं जग. २००६ मध्ये खाचांचे टायर, शर्यतीत मधे इंधन भरणं. २०१० मध्ये गुळगुळीत टायर, आणि सुरुवातीलाच शर्यतभराचं इंधन पोटात घेऊन निघालेली जड गाडी. त्याला नाक पटकन वळणारी गाडी लागायची, आणि २०१० च्या मर्सिडीजचं नाक वळायला तयार नसायचं. दर पंधरा-वीस लॅपना इंधन घ्यायला आत येऊन पुन्हा जीव तोडून पळायचं, या खेळाचा तो राजा होता. तो खेळच बंद झाला होता.

व्हेटेलच्या बाबतीत हीच गोष्ट त्यानं निवृत्त न होताच दाखवली आहे. २०१३ ला त्यानं तेरा शर्यती जिंकल्या, त्यांतल्या नऊ ओळीनं. त्या रेड बुलमध्ये एक्झॉस्टचा झोत गाडीच्या मागच्या भागाकडे वळवून मागच्या चाकांना जादा पकड मिळवलेली होती, आणि ती पकड वापरून वळणातून लवकर गॅस द्यायची अवघड कला व्हेटेलसारखी कुणालाच साधली नव्हती. २०१४ ला नियम बदलले, ती पकड गेली. त्याच टीममध्ये नव्यानं आलेल्या रिकार्डोनं तीन शर्यती जिंकल्या, व्हेटेलनं एकही नाही. गुण २३८ विरुद्ध १६७. चार वेळचा चॅम्पियन, वय २७, एक दिवसही सुट्टी नाही, तरी टीममेटच्या मागे. गाडी त्याच्या हाताची राहिली नव्हती, बस. पुढे फेरारीत मागचा भाग स्थिर होता तेव्हा तो पुन्हा जिंकायला लागला, आणि २०२० च्या चंचल फेरारीत टीममेट लक्लेअरच्या ९८ गुणांना त्याचे ३३.

आता ॲस्टन मार्टिनचा हिशेब. नशिबानं दोघांनाही लावता येईल असं एकच माप आहे, लान्स स्ट्रोल. व्हेटेल त्याच्याबरोबर दोन वर्षं होता: गुण ४३ विरुद्ध ३४, मग ३७ विरुद्ध १८, आणि हे दुसऱ्या वर्षी कोविडमुळे पहिल्या दोन शर्यती चुकवून. अलोन्सो त्याच स्ट्रोलबरोबर: २०२३ ला २०६ विरुद्ध ७४, २०२४ ला ७० विरुद्ध २४. स्ट्रोल २०२३ च्या मोसमाआधी सायकलवरून पडून मनगटं मोडून घेऊन आला होता, गाड्याही वेगळ्या होत्या, त्यामुळे हे गुणोत्तर दशांशापर्यंत ताणू नका. तरी ढोबळ चित्र दिसतं. निवृत्तीआधीचा, सरावातला व्हेटेल स्ट्रोलच्या स्पष्ट पुढे. अलोन्सो त्याहूनही पुढे. म्हणजे व्हेटेलला अलोन्सोला हरवायचं तर आधी २०२२ च्या स्वतःपर्यंत पोचायला हवं आणि मग आणखी वर चढायला हवं.

त्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र जोरदार आहे, आणि तो त्या ब्रेकवाल्या मुलीनंच काढला. २०२६ ला गाड्याच नव्या आल्या. विजेची मोटर १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली, एकूण ताकदीतला जवळजवळ निम्मा वाटा बॅटरीचा झाला, पंख सरळ रस्त्यावर एका स्थितीत आणि वळणात दुसऱ्या, आणि २०२२ च्या गाड्यांची सगळी मदार ज्या गाडीखालच्या हवेच्या ओढीवर होती ती बरीच कमी केली. तिच्या शब्दांत, "सर, सगळ्यांचाच चांदणी चौक पाडलाय." बरोबर आहे. व्हेटेलची तीन वर्षं बुडाली, त्यांतल्या गाड्यांवर अलोन्सोनं जे कमावलं त्यातलं पुष्कळसं आता भंगारात. परतायचंच असेल तर अशाच बदलाच्या वर्षी परतावं, दुसऱ्या कुठल्या वर्षी नाही. पण अलोन्सो त्या नव्या चौकातून सिम्युलेटरवर आणि मोसमापूर्वीच्या चाचण्यांत आधीच शेकडो फेऱ्या मारून बसलाय. शिवाय या नव्या गाड्या नेमकं तेच मागतात जे परतणाऱ्याकडे कमी असतं. कुठे गॅस सोडून बॅटरी भरायची, कुठे ती खर्च करायची, मागच्यानं साठवून ठेवली असेल का, हे सगळं तीनशेच्या वेगात वळण घेता घेता ठरवायचं. इथे शिल्लक डोकं लागतं, आणि गाडी चालवता चालवता समोरच्या पडद्यावर दुसऱ्यांची शर्यत बघून रेडिओवर टीका करण्याइतकं डोकं अलोन्सोकडे शिल्लक असतं.

त्यामुळे माझा अंदाज असा. पहिल्या चार-पाच शर्यती स्ट्रोलच्या आसपास, कधी पुढे कधी मागे. शनिवार बरे, रविवारचा शेवटचा तिसरा हिस्सा वाईट. सहाव्या-सातव्यापासून स्ट्रोलच्या नेमानं पुढे. अलोन्सोला वर्षभरात पाच-सहा शनिवारी मागे टाकेल.

त्यांतला एक शनिवार कुठला, तेही सांगतो: सुझुका. तिथे तो चार वेळा जिंकलाय. २०२२ च्या त्या सुमार ॲस्टन मार्टिनलाही त्यानं तिथे क्वालिफायिंगला नववं आणि शर्यतीत सहावं आणलं होतं. निवृत्तीनंतरच्या वर्षी तो तिथे गेला तो दुसऱ्या वळणावर मधमाश्यांसाठी घरं लावायला. त्या ट्रॅकवर त्याला पाट्या वाचाव्या लागणार नाहीत. शनिवारी तो अलोन्सोच्या एक-दोन जागा पुढे उभा राहील, पहिला टप्पा पुढे राहील, आणि तिसाव्या लॅपच्या आसपास मागचे टायर गरम व्हायला लागले की रेडिओवर इंजिनिअर विचारेल, टायर कसे आहेत. तो म्हणेल, "ठीक आहेत."